कोणाकडची?

गोविंदा, बस इथं दवाखान्याच्या व्हरांड्यात. बायको दवाखान्यात असली की माणसानं भरवसा ठेवावा कोणावर, सांग? डॉक्टरवर? की नात्यातल्या माणसावर? मी संत्र्यांचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं बाजारानं शिकवलं. वरची फळं पाहून मी कधी पेटी घेतली नाही. हात तळाशी घालतो. एकदाच नाही घातला. ते ऐक.

अडुसष्टच्या नाताळात तुझ्या काकूचं, प्रेमिलाचं, पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखाना मिशनचा. सुट्ट्या म्हणून बरे रोगी घरी गेलेले, लांबलचक वॉर्डात तुरळक खाटा भरलेल्या. खिडक्यांत कागदी चांदण्या, केकचा गोड वास आणि त्याच्याखाली फिनेल. डॉक्टरांनी बजावलं होतं, संत्र्याचा रस तेवढा द्या. चोथा पोटात गेला तर बाई हातची जाईल.

दुपारी संत्री घेऊन गेलो, तर प्रेमिलाच्या खाटेच्या पायथ्याशी एक बुढी. गाल आत गेलेले. मला पाहून पदर सारखा करत म्हणाली, "या जावाईबापू." म्हणजे रामटेकची, प्रेमिलाच्या माहेरची. मी नमस्कार केला.

विचारलं काहून नाही? अरे, लग्नाच्या पंगतीत प्रेमिलाच्या मामांना मी 'आपण कोण?' म्हटलं, तर ते भरल्या ताटावरून उठले. पुढं कित्येक वर्षं बोलले नाहीत. सासरच्या माणसाची ओळख मागायची नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

बुढी मीच आणलेलं संत्रं सोलायची. फोड आपल्या तोंडात टाकून सावकाश चावायची. ओठांच्या कोपऱ्यातून पिवळं पाणी गळायचं, ते जिभेनं ओढून घ्यायची. मग दोन बोटांनी तो गोळा काढून प्रेमिलाच्या तोंडात सारायची. लाळेची तार दोघींच्या मधे लोंबत राहायची. कुजक्या दातांचा वास खाटेवरून माझ्यापर्यंत यायचा. मी म्हटलं, "मावशी, रस मी काढून देतो ना..."

"लहान लेकराले असंच चारतेत, जावाईबापू."

माझी नजर तिच्या गळ्यावर. तो हलत होता. रस तिच्या घशाखाली जात होता आणि प्रेमिलाला उरत होता चोथा. बोलू उद्या, बोलू उद्या, म्हणत मी भीड धरली. बुढीचे गाल भरत चालले. प्रेमिलाचे बसत चालले.

नाताळच्या दिवशी खाली सिस्टर लोकांचं गाणं चाललेलं. प्रेमिलानं माझी बाही ओढली.

"तुमच्या आत्याले सांगा ना जी... उद्यापासून नोको येऊ म्हणा. किळस येते मले."

"माझी आत्या? मी तर तुह्या रामटेकची समजून राहिलो!"

"मले तर सूनबाई म्हणते..."

खालचं गाणं थांबलं. पायथ्याशी चावणं चालूच होतं.

"विचारतच नाही गा कोणी," बुढी भरल्या तोंडानं म्हणाली. "घरोघरी असंच..."

प्रेमिलाच्या चादरीला तोंड पुसून ती उठली आणि खाटांमधून निघून गेली. मी मागं धावलो. दाराशी बसलेली सिस्टर म्हणाली, तुमच्याशिवाय दुपारपासून इथून कोणी आलं नाही, गेलं नाही.

संध्याकाळी प्रेमिला ओकली. भांड्यात चोथ्याचे गोळे पडले. प्रत्येक गोळ्यात पांढरे केस गुंडाळलेले, ओले. सिस्टरनं नाकाला रुमाल लावून भांडं झाकलं. प्रेमिला वाचली. पण सोललेलं संत्रं पाहिलं की माझी जीभ आजही आंबते.

आता तुझं. सकाळी दुकानात तू म्हणालास, बायकोच्या, देवकीच्या, माहेरच्या मावशी दवाखान्यात दिवसभर जवळ बसतात, म्हणून बिनघोर आहे. आत्ता मी देवकीला विचारून आलो. ती म्हणाली, "मावशी? त्या तर तुमच्याकडच्या ना जी..."

तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर कोणी नव्हतं. हात ठेवून पाहिला. स्टूल कोमट होतं, आणि चिकट.

जा आत. तुझ्याकडचं कोण, तिच्याकडचं कोण, दोघं मिळून मांडा. भीड धरू नको, बापा. एवढा हिशेब खरा ठेव.