आईच्या रक्तातला मामा

'या थेंबात दोन माणसांच्या पेशी आहेत.'

कृत्तिकाने रक्तपाटीवरचं ते वाक्य दोनदा वाचलं. रक्तपाटी म्हणजे रुग्णालयाने नुकतीच घरी दिलेली तळहाताएवढी काचेची पाटी. तिच्यावर रक्ताचा एक थेंब ठेवला की दहा मिनिटांत तपासणीचा निकाल उमटे. आत्ताचा थेंब आईचा होता. तो आईच्या बोटातून निघून पाटीवर पडेपर्यंत कृत्तिकाची नजर हललीसुद्धा नव्हती. मग त्यात दुसरं माणूस आलं कुठून?

तिने पाटी जंतुनाशकाने स्वच्छ पुसली आणि आईचं दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच वाक्य! खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : 'शंभरातल्या बावीस पांढऱ्या पेशी पुरुषाच्या.'

"आई, तुझ्या रक्तात कुणीतरी पुरुष आहे!"

"असेल हं," आई खाकी शर्टाची बटणं लावत म्हणाली. "डॉक्टर मॅडमना विचारू पुढच्या वेळी. मला कोल्हापूरची गाडी काढायची आहे."

आई, म्हणजे वैजयंती भोकरे, मिरजेच्या आगारात एसटीची चालक होती. दोन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं (रक्त गाळून लघवी तयार करणारे अवयव) निकामी झाली. बाबा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. तेव्हा दिगंबरमामा पुढे आला आणि त्याने आपलं एक मूत्रपिंड आईला दिलं. शस्त्रक्रिया झाली, आई घरी आली, आणि गोळ्यांचा डबा कृत्तिकाच्या ताब्यात आला. रुग्णालयातल्या परिचारिकेने तिला बजावलं होतं, "एक वेळ जरी चुकली ना, तरी शरीर ती किडनी नाकारेल." कृत्तिका तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे सव्वा वर्षात तिने एकही वेळ चुकू दिली नाही. सहलीला गेली तरी आठ वाजता आईला फोन करायची.

आणि आता डॉक्टर गुलनार मुजावर यांनी गोळ्या हळूहळू कमी करत करत दहा दिवसांपूर्वी साफ बंद केल्या होत्या. आईशी आणि मामाशी त्या बंद दाराआड बोलल्या. कृत्तिका बाहेर बाकावर बसून होती. थोड्या वेळाने डॉक्टर फोनवर बोलत बाहेर आल्या. "भोकरेबाईंची केस जमली, तर सगळ्यांना दाखवता येईल," एवढंच तिच्या कानावर पडलं.

तेव्हापासून तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. दाखवता येईल म्हणजे काय? आई काय प्रदर्शनातली वस्तू आहे? आज तर पाटीने कहरच केला. कुणा भलत्याच पुरुषाचा अहवाल आईच्या नावावर चढला असेल तर? तोच बघून मॅडमनी गोळ्या बंद केल्या असतील तर?

कपाटात औषधाची चार पाकिटं शिल्लक होती. कृत्तिकाने त्यातली एक कॅप्सूल उघडली, भुकटी आईच्या ताकात टाकली, वर जिरेपूड आणि हिंग घालून पेला ढवळला. आईने तो एका दमात रिकामा केला.

"आज कडवट लागतंय का गं?"

"हिंग जास्त झाला," कृत्तिका म्हणाली. तिचे कान गरम झाले होते.

रोज सकाळी हेच चाललं. चौथ्या दिवशी आईला खोकला झाला. कृत्तिकाला वाटलं, बघा, गोळ्या बंद केल्याचाच हा परिणाम! ती संध्याकाळच्या ताकातही औषध घालू लागली. खोकला वाढला. मग ताप आला. आईला गाडी चालवणं अशक्य झालं, आणि दहाव्या दिवशी मामाने तिला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं.

डॉक्टर मुजावर अहवाल घेऊन खाटेजवळ आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"वैजयंतीताई, तुम्ही गोळ्या घेताय?"

"नाही, मॅडम."

"रक्तात औषध सापडलंय. भरपूर. भीती वाटत असेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही. पण खरं सांगा."

आई कोपर टेकून उठून बसली. तापाने तिचा चेहरा लाल झाला होता. "चाळीस माणसांचा जीव हातात घेऊन मी रोज गाडी चालवते. मी खोटं बोलत नाही."

डॉक्टरांनी पुन्हा अहवालाकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, हे उघड दिसत होतं. मामासुद्धा आईकडे संशयाने बघू लागला. कृत्तिकाला ते बघवेना.

"मी देत होते," ती म्हणाली. "ताकातून."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मामाने "अगं पोरी!" म्हणून कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

"मी चुकतेय असं तुला कशावरून वाटलं?"

कृत्तिकाने सगळं सांगून टाकलं. परिचारिकेची ताकीद, फोनवरचं बोलणं, पाटीवरची ती दोन माणसं. बोलताना तिने डॉक्टरांवरची नजर काढली नाही.

"शंका तिन्ही रास्त आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "डबा तुझ्या हातात होता, म्हणजे गोळ्या का बंद केल्या हे तुलाही सांगायला हवं होतं. ती माझी चूक. पण न सांगता औषध पाजलंस, ही तुझी चूक. आणि ती मोठी आहे. आता ऐक. आपल्या रक्तात प्रतिकारपेशी (शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात. त्या स्वभावानेच संशयी. समोर येणाऱ्या प्रत्येक पेशीची खूण तपासतात. खूण ओळखीची असली तर सोडतात, परकी असली तर हल्ला करतात. मामाचं मूत्रपिंड त्यांना परकंच."

"म्हणून गोळ्या."

"बरोबर. गोळ्या या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. पण गुंगीतला पहारेकरी खऱ्या चोरालाही अडवत नाही. आईचा खोकला आधी साधाच होता. तो छातीत उतरला, कारण पहारा झोपला होता."

कृत्तिकाने आईकडे पाहिलं. म्हणजे आईला आजारी तिनेच पाडलं होतं! आईने हात लांब करून तिचं मनगट धरलं.

"पण पाटीवरचा तो पुरुष?" कृत्तिकाने कसंबसं विचारलं.

"हा काय, तुझ्यामागे उभा आहे."

कृत्तिकाने वळून पाहिलं. मामा ओशाळून हसला.

"आम्ही मामाकडून दोन गोष्टी घेतल्या," डॉक्टर सांगू लागल्या. "एक मूत्रपिंड. दुसरी त्याची अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतला मऊ गर, रक्त तिथेच तयार होतं). आधी आईचे जुने पहारेकरी औषधांनी खूप कमी केले. मग मामाच्या मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकी पेशी बनतात) तिच्या रक्तात सोडल्या. त्या तिच्या हाडांत जाऊन रुजल्या. आता तिथे दोघांच्याही पेशी तयार होतात. म्हणून थेंबात दोन माणसं."

"आणि पहारेकरी त्यांना मारत नाहीत?"

"छातीच्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. तिला पहारेकऱ्यांची शाळा म्हण. आपल्याच माणसावर हात उगारणारा पहारेकरी तिथे नापास होतो, बाहेर येतच नाही. आता त्या शाळेत मामाच्या पेशीही आहेत. त्यामुळे नव्याने तयार होणारे पहारेकरी मामालाही घरचाच समजतात. गोळ्यांशिवाय जगता येतं, हेच मला सगळ्यांना दाखवायचं होतं."

कृत्तिकाला हे सगळं पटत होतं, पण पटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं.

"ते शिकले आहेत की नुसते गुंगीत आहेत, हे तुम्हाला कसं कळतं?"

डॉक्टर मामाकडे वळल्या. "माझ्या हाताखालच्या चार डॉक्टरांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता!" मग तिला म्हणाल्या, "याची चाचणी आहे. पण औषध आधी रक्तातून पूर्ण जायला हवं, नाहीतर निकालावर भरवसा ठेवता येणार नाही."

दोन आठवडे गेले. आईचा ताप उतरला, खोकला थांबला, रक्त औषधापासून मोकळं झालं. मग डॉक्टरांनी प्रयोगशाळेत दोन काचेच्या बशा मांडल्या. दोन्हींत आईचे पहारेकरी. पहिल्या बशीत मामाच्या पेशी घालायच्या. पहारेकरी नुसते गुंगीत असतील, तर ते कुणावरच धावून जाणार नाहीत. शिकलेले असतील, तर मामाला सोडतील आणि परक्याला धरतील. म्हणून दुसऱ्या बशीसाठी परकं माणूस हवं होतं.

"माझं रक्त घ्या," कृत्तिकाने दंड पुढे केला.

"तू कुठली परकी?" मामा म्हणाला.

"पहारेकऱ्यांना नाती कळत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या निम्म्या खुणा बाबांकडून आल्या आहेत. त्या आईच्या रक्ताला परक्याच."

सहा दिवसांनी कृत्तिकाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्या बशीत पेशी विखरून शांत पडल्या होत्या, पाण्यावर मोहरी सांडावी तशा. मामाला कुणी हातही लावला नव्हता. दुसऱ्या बशीत मात्र रणकंदन माजलं होतं. आईचे पहारेकरी फुगले होते, एकाचे दोन, दोनाचे चार झाले होते आणि घोळक्यांनी कृत्तिकाच्या पेशींभोवती दाटले होते.

आई वाचली होती. गोळ्यांची गरज उरली नव्हती. पहारा जागा होता, शहाणा होता, आणि मामाला ओळखत होता. हे सगळं कृत्तिकाला लख्ख कळलं. तरी तिचे डोळे भरून आले.

"आई, तुझ्या पेशी माझ्याशी भांडतात."

आईने वाकून स्वतः पाहिलं. "घरी तरी कुठे कमी भांडतो आपण?" ती म्हणाली आणि तिने कृत्तिकाला घट्ट जवळ ओढलं. "आणि पुन्हा माझ्या ताकात काही घातलंस, तर बघच."

कृत्तिका हसली. आणि आईच्या कुशीतूनच तिने एकदम मान वर केली. "थांबा! मग मी नऊ महिने हिच्या पोटात कशी राहिले? तेव्हा हे पहारेकरी कुठे गेले होते?"

डॉक्टर मुजावर यांनी चष्मा काढला. "आई आणि बाळ यांच्यामध्ये वार (बाळाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारा अवयव) असते. ती पहारेकऱ्यांना थोपवून धरते, आणि तेही अस्थिमज्जेशिवाय, गोळ्यांशिवाय! कसं, ते आम्हाला अजून अर्धंच कळलंय. पूर्ण कळलं, तर ज्याला मामासारखं कुणी नाही, त्यालाही परक्याचा अवयव घेऊन निर्धास्त जगता येईल. शेजारच्या खोलीत दोघीजणी त्यावरच काम करतात."

कृत्तिकाने डोळे बारीक केले.

"जे अर्धं कळलंय, ते तरी बरोबर आहे कशावरून?"

डॉक्टर खळखळून हसल्या, उठल्या आणि त्यांनी शेजारच्या खोलीचं दार उघडलं.

"चल, त्यांनाच विचार."