वासेनची चौथी खेप

आमच्या वासेन गावातून चढणीची गाडी तीनदा दिसते. आधी खालच्या रुळावर, मग डोंगरातल्या बोगद्यात गिरकी घेऊन मधल्या आणि आणखी एका गिरकीनंतर वरच्या रुळावर. त्या रविवारी जुनी मालगाडी येणार होती. पुढे तपकिरी इंजिन, आम्ही त्याला मगर म्हणतो. शेवटच्या डब्यावरच्या लाकडी खोपट्यात माझा नवरा माइनराड, हौशी ब्रेकवाला. तो तिन्ही वेळा हात करायचा, मी चर्चच्या टेकडीवरून रुमाल हलवायचे. बावीस वर्षं हेच चाललं होतं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

शेजारी अल्विन बसला होता. जन्मभर सांधेवाला, निवृत्तीनंतरही डबे मोजायची खोड गेली नव्हती.

"अकरा," गाडी खालून गेली तेव्हा तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचं पोट धरून बारा."

"आधी स्वतःचं मोजा," मी म्हटलं.

मधल्या रुळावरून माइनराडने हात केला, वरूनही केला. गाडी गोशेनेन स्टेशनाकडे निघून गेली. मी थर्मास पिशवीत भरला.

तेवढ्यात खालच्या रुळावर मगर आली. तेच अकरा डबे. खोपट्यात माइनराड.

"दुसरी मगर आहे का आज?" मी विचारलं.

"नाही." अल्विनने दुर्बीण खाली घेतली नाही.

मधल्या रुळावर माइनराडने हात केला नाही. दोन्ही तळवे काचेला लावून तो ओरडत होता. दाढी छातीपर्यंत आली होती. सकाळी तर तो गुळगुळीत दाढी करून निघाला होता.

मी उतारावरून धावले. पोचेपर्यंत डबा बोगद्यात शिरला होता.

"थांबवा ना ती," मी अल्विनला ओरडून सांगितलं.

"कुणाला सांगू, पोरी?" त्याने दुर्बीण खोळीत घातली. "मी एकदाच मोजलेत." आणि मागे न बघता तो गावाकडे उतरला.

फोन वाजला. माइनराड.

"पोचलो गं गोशेनेनला. कॉफी घेतोय." मागे कपबशा वाजत होत्या, कुणी हसत होतं.

वरच्या रुळावर खोपटं आलं. आतल्या माणसाचे केस पांढरेशुभ्र झाले होते. तो माझंच नाव घेत होता.

"माइनराड," मी म्हटलं, "तू..."

"टेकडीवरच आहेस ना अजून?" आवाज त्याचाच, मायेचा. "घरी जा. तिकडे बघू नकोस. थोड्या फेऱ्यांनी थकतात आत अडकलेले."