सातमाशी आत्याचा श्वास

जिना चढून आली की माझी वृंदाआत्या धापा टाकायची. छातीचा एक्स-रे स्वच्छ, दम्याच्या पंपाचा उपयोग शून्य. मग दम लागायचा तरी का? चंद्रावर माणसांनी नुकताच मुक्काम ठोकला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी पाचवीत होते. तिच्या तपासणीची ती सकाळ आठवली की अजून हसू येतं आणि डोळेही भरून येतात.

आत्याची लडाखच्या नव्या दुर्बिणीवर काम करायला निवड झाली होती. तिथली हवा विरळ, म्हणून आधी फुप्फुसांची तपासणी. तपासणीचं यंत्र बनवलं होतं तिच्याच वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी. तिचं जाणं त्यांच्या अहवालावर ठरणार होतं, आणि तिनं जाऊ नये असं सगळ्यांत जास्त त्यांनाच वाटत होतं.

"ही सातमाशी," आबा मला म्हणाले. "दोन महिने आधीच आली. कापसात गुंडाळून वाढवली. पुढे चांगली गुटगुटीत झाली आणि आम्हाला वाटलं, अंग भरलं म्हणजे फुप्फुसंही भरली. म्हणे मी शास्त्रज्ञ!"

आत्यानं यंत्रात झोपून पिशवीतला थोडासा झेनॉन (यंत्राला दिसणारा एक वायू) ओढून श्वास रोखला. पडद्यावर तिची फुप्फुसं उजळली.

"दम्यात नळ्या आवळतात, मग चित्रात काळे डाग दिसतात," आबा म्हणाले. " इथे हवा सगळीकडे पोचलीय. पण वायू रक्तात कमी उतरतोय."

"का?" मी विचारलं.

"फुप्फुसात वायुकोश (हवेचे इवले फुगे) असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. पुष्कळ कोश शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर तयार होतात. हिचं ते काम मध्येच अडलं. कोश थोडे आणि मोठाले झाले. बारीक द्राक्षांच्या भरगच्च घडाला साल जास्त, मोठ्या द्राक्षांच्या विरळ घडाला कमी. तसंच हे. भिंती कमी, म्हणून प्राणवायूला वाटही कमी."

आत्या यंत्रातून बाहेर आली होती. "म्हणजे खो-खो खेळताना मी अंगचोरपणा करत नव्हते?"

"नाही गं बाई," आबा म्हणाले. "इतरांपेक्षा जास्त दमायचीस, तरी पळायचीस."

त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. नको म्हणायला आता त्यांच्याकडे चांगलं कारण होतं.

"टप्प्याटप्प्यानं चढायचं," ते शेवटी म्हणाले. "प्राणवायू जवळ ठेवायचा. आणि दर वर्षी येऊन हे चित्र काढायचं. मोठ्या झालेल्या सातमाशांची अशी चित्रं जमली, की पुढच्या बाळांना वेळेवर मदत करता येईल."

"म्हणजे जाऊ?"

"जा. तिथून फोन करशील तेव्हा आधी नीट श्वास घे, मग बोल. मी थांबेन."