न विचारता घेतलेली फाईल

कुणाला पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

२००८ सालचा उन्हाळा. राजारामपुरीतलं माझं मोबाईलचं दुकान. आणि रात्र नाही हं, टळटळीत दुपार होती.

मी प्रसेनजीत. आमच्या बौद्ध घरात देवालाच जागा नाही, तिथं भुताला कुठली? असं मी छाती फुगवून सांगायचो. आता नाही सांगत.

दुकानात मी लोकांना मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचो. गिऱ्हाइकांच्या फोनमधून व्हायरस यायचे आणि कॉम्प्युटर आडवा व्हायचा. वैतागून कॉम्प्युटरची सिस्टीमच बदलली, लिनक्स टाकलं. व्हायरस गेले, पण ब्लूटूथ बोंबललं! ब्लूटूथ पकडणारा डोंगल लावला तरी फाईल अर्ध्यात तुटायची. नेटवर डोकं खपवलं, कमांडी मारल्या आणि शेवटी जमवलंच. वर एक शहाणपणा केला. प्रत्येक फाईलला 'घेऊ का?' म्हणून विचारत बसायला नको, म्हणून कॉम्प्युटरला सांगून टाकलं...

कोण बी काय बी पाठवू दे, न विचारता घ्यायचं.

माझी आत्या शेवंताबाई. तिचा एकुलता एक पोरगा सुगत त्याआधीच्या हिवाळ्यात बिद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला धडकून गेला. त्याच्या मोबाईलचाही चुरा झाला. तेव्हापासून आत्याचा एकच धोशा.

"परश्या, तेचा आवाज कुटं घावतोय का बघ की रं. एकदाच ऐकू दे."

मी सगळीकडं शोधलं. कुठंच नव्हता.

त्या सोमवारी आमच्या गल्लीतली दुकानं बंद होती. शटर अर्धं ओढून मी काम करत बसलेलो. आत्या डबा घेऊन आलेली. बाहेर चिटपाखरू नाही. माझा फोन बंद, आत्याकडं तर फोनच नव्हता.

टिंग...

फाईल आली होती.

पाठवणाऱ्याचं नाव बघून माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "सुगत किंग..."

हे नाव सुगतनं स्वतःच्या फोनला दिलेलं. वाकून शटरखालून बाहेर पाहिलं. कोणीसुद्धा नाही.

"लाव," आत्या म्हणाली.

"नको आत्या. कुणीतरी चेष्टा करतंय."

"लाव म्हणतोय न्हवं मी!"

लावली.

आधी नुसता वारा. मग ट्रॅक्टरची धडधड. मग कुणीतरी धापा टाकत होतं... अगदी माईकजवळ...

"आई... लई अंधार हाय... मला घरला ने की..."

आवाज सुगतचाच! आत्यानं स्क्रीनला दोन्ही हात लावले आणि ती ढसाढसा रडायला लागली.

मी मात्र घामानं निथळत होतो.

कारण सुगत तिला जन्मात कधी 'आई' म्हणाला नाही. भावकीतली सगळी तिला आक्का म्हणायची, म्हणून तोही लहानपणापासून 'आक्का'च म्हणायचा.

मी डोंगल उपटला. मुठीत धरला.

टिंग...

"आई... येऊ का?"

बाबो! मी प्लगच ओढला. स्क्रीन काळी झाली. पण आत्यानं तोवर उत्तर दिलं होतं.

"ये रं बाळा. ये."

"आत्या, त्यो सुगत न्हाय! आई म्हणतंय ते तुला!"

तिनं पदरानं डोळे पुसले. एकदम शांत झाली.

"ठावं हाय मला."

"मग?"

"आई म्हणालं न्हवं? कुणाचं तरी लेकरूच असंल की."

ती शटरखालून वाकून बाहेर पडली. उन्हातून घराकडं निघाली. एक हात जरा बाजूला धरलेला... लहान पोराचं बोट धरतात तसा.

शेजारीपाजारी म्हणतात, शेवंताबाई सावरली. आता रडत नाही, हसते, दोन ताटं वाढते. मी एकदाच जेवायला गेलो. आतल्या खोलीतून कुणीतरी 'आई' अशी हाक मारली आणि ती लगबगीनं उठून आत गेली. मी चपला हातात घेऊन पळालो.

याला आता दीड वर्ष झालं. आत्या वाळून काडी झालीय. गालफडं बसलीत, उभं राहवत नाही. काल दवाखान्यात न्यायला रिक्षा घेऊन गेलो, दारातूनच हाका मारल्या. ती आतून हसत म्हणाली,

"तू जा रं परश्या. भुकेलंय अजून. लेकराला सोडून कसं येऊ?"