मलमलीवरचा डाग

सकाळी सातला कमल मेस्त्रीने बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

“प्रेमाताई, आधी खाली चला. श्रुतिकाचा चेहरा बघा. मग त्या बाईला मी पोलिसांत देते.”

कोणती बाई, हे विचारावं लागलं नाही. सहाव्या मजल्यावरची वनमाला परब. कांजूरमार्गच्या या इमारतीत वारा फिरला की डम्पिंगचा वास येई, आणि तो झाकायला वनमालाच्या कढईतला केशर-मंजिष्ठेचा वास येई. तिचं कुंकुमादी तेल तोंडाला लावल्याशिवाय इथली एकही मुलगी बोहल्यावर चढली नव्हती.

प्रेमाताई तिच्याशी एकोणीस वर्षं बोलत नव्हत्या. जुन्या चाळीत असताना एका पोराच्या भाजलेल्या पायाला वनमाला तेल लावायला निघाली होती. प्रेमाताई इस्पितळात जखमा बांधणाऱ्या नर्स. त्यांनी चारचौघांत तिचा हात झटकला होता. त्यानंतर चाळ पडली, इमारत उभी राहिली, दोघी पंच्याहत्तरीला आल्या. अबोला तसाच राहिला.

कमलची लेक श्रुतिका आरशाकडे पाठ करून बसली होती. डाव्या गालावर फोडांची रांग, भोवती लालभडक सूज. एक ओघळ मानेपर्यंत उतरलेला.

“तेल कधी लावलंस?”

“रविवारी संध्याकाळी. आधी या गालालाच लावलं, तेवढ्यात फोन आला. काल खाज सुटली. आज हे.”

“आज मंगळवार. म्हणजे दीड दिवसानं फुटलं. हात लावू नकोस. दहाला त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं.”

“लग्न रविवारी आहे, मावशी,” श्रुतिका म्हणाली. रडली नाही. रडलं की गाल झोंबत होता.

कमल फणफणत होती. “डॉक्टरचा कागद हातात आला की संध्याकाळी पाचला मी चौकीत जाणार. म्हातारीची कढई रस्त्यावर फेकायला लावते की नाही बघा.”

“बाटली कोणी आणली?”

“तिच्या मुलानं, निलेशनं. रविवारी सकाळी. तो बिचारा चांगला आहे हो. गेल्या महिन्यात कंपनीची माणसं घेऊन आला होता, तेलाची कृती विकत घ्यायला. हिनं त्यांना उंबऱ्यावरूनच हाकललं. माज आहे नुसता.”

“मग बाटलीला कोणी हात लावला?”

“प्रांजलनं. आयब्रो करायला आली होती. वास घेऊन नाक मुरडलंन.”

तळमजल्यावरच्या पार्लरात प्रांजल शटर उघडत होती. प्रश्न ऐकून ती उसळली.

“मी? मावशी, माझ्या गिऱ्हाइकाचं तोंड मी कशाला जाळीन? नवरीचा मेकप मीच करणार आहे ना!”

“ते तेल भिकार आहे, असं तूच सगळ्यांना सांगतेस.”

“सांगते.” तिने बाहेर बघितलं, मग ड्रॉवर ओढला. आत मलमलीच्या टोपीची, लाल दोऱ्यानं बांधलेली छोटी बाटली होती. “शनिवारी आणली. त्याच कढईतली. रोज लावते. कोणाला बोलू नका हां, धंद्याची वाट लागेल माझ्या.”

तिचा चेहरा बाळासारखा नितळ होता.

म्हणजे कढईत दोष नव्हता. त्या एकाच बाटलीत होता.

प्रेमाताई पुन्हा वर आल्या. “कमल, बाटलीचं फडकं कुठाय?”

ते कचऱ्याच्या डब्यात सापडलं. चौकोनी मलमल. मधोमध वाटाण्याएवढा काळाकुट्ट डाग.

“बाटली उघडली कोणी?”

“मीच. दोरा कापला, फडकं काढलं.”

“तेव्हा हा डाग होता?”

“होता. पण काळा नव्हता. तपकिरी होता. म्हटलं, केशराचा असेल.”

“प्रांजल तेव्हा आली होती?”

“नाही, ती दुपारी आली.”

प्रेमाताईंनी फडकं नळाखाली धरलं. साबण लावला, घासलं. डाग हलला नाही. त्यांना लहानपणीच्या चादरी आठवल्या. परळच्या चाळीत गंगाराम धोबी प्रत्येक घराच्या चादरीच्या टोकाला खूण करी. त्यांच्या घराची दोन ठिपके आणि एक रेघ. आई म्हणायची, चादर विरेल पण गंगारामचा ठिपका विरणार नाही. खूण ओली असताना पोरांना तो जवळ फिरकू देत नसे.

त्यांनी नळ बंद केला. हात साबणानं दोनदा धुतले.

सहाव्या मजल्यावर दार उघडंच होतं. कढई गॅसवर होती. वनमाला पाय लांब करून बसली होती. टाचांच्या भेगा काळ्या पडलेल्या. हात मात्र स्वच्छ, एक ओरखडासुद्धा नाही. प्रेमाताईंना बघून तिने मान फिरवली.

कमल मागून ओरडली, “काय घातलंत काकी तेलात? पाचला चौकीत जातेय मी!”

“माझी चूक,” वनमाला भिंतीकडे बघत म्हणाली. “माझो हात चुकलो. काय ता लिवन घेवा.”

प्रेमाताई थबकल्या. चाळीस वर्षांत या बाईनं साधी मिठाची चूक कबूल केली नव्हती.

आतून निलेश आला. चाळिशीचा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. उजव्या हाताला पट्टी.

“मी सांगतच होतो, आई. आता वय झालं तुझं. बंद कर हे.”

“हाताला काय झालं रे?” प्रेमाताईंनी विचारलं.

“इस्त्रीचा चटका, मावशी.”

“पट्टी चुकीची बांधलीस. दे इकडे.”

“राहू दे.”

“चौतीस वर्षं हेच केलंय. दे.”

त्याने हात मागे घेतला. प्रेमाताईंनी मनगट धरलं आणि बाही वर सारली. पट्टीखालून एक ओघळ कोपराकडे गेला होता, बारीक फोडांचा. बाहीच्या आतल्या बाजूला काळा ठिपका होता.

“इस्त्रीचा चटका ओघळत नाही, निलेश. बिब्बा ओघळतो.”

कढईत तेल खदखदत होतं.

“कमल, नीट ऐक. बिब्ब्याचं तेल ताजं असताना तपकिरी दिसतं, दिवसभरात काळं होतं, आणि मग धुऊन जात नाही. धोबी त्यानंच कपड्यांवर खुणा करत. कातडीवर पडलं तर दिवस-दीड दिवसानं फोड येतात. डाग फडक्यावर होता, आणि फडकं तू स्वतः काढलंस. म्हणजे तुझ्या घरात येण्याआधीच बिब्बा बाटलीत पडला होता. प्रांजल सुटली. उरलं हे घर. इथे बिब्बा आहे, वनमालाच्या टाचांना लावायला. पण ती हातांना खोबरेल चोपडल्याशिवाय त्याला शिवत नाही. हात बघ तिचे. यानं दोरा सोडला, बिब्बा टोचून दिव्यावर धरला, बाटलीत पिळला. खोबरेल बोटांना लावलं, मनगट विसरला. बोटांचा डाग फडक्याला लागला. पुन्हा बांधून स्वतःच तुला आणून दिलं.”

“पण कशाला?” कमलचा आवाज चिरकला.

“आईचं नाव गेलं की कढई बंद होणार. मग कृती कंपनीला द्यायला अडवणारं कोण?”

“खोटां आसा,” वनमाला उठत म्हणाली. “मी सांगितलंय ना, माझी चूक! माझो झील आसा तो.”

“तू त्याचा हात बघितलास, म्हणून चूक घेतेयस. पण पोरीचा चेहरा बघितला नाहीस.” प्रेमाताई दाराकडे वळल्या. “श्रुतिका, ये गं.”

ती कमलच्या मागोमाग येऊन जिन्यातच उभी होती. आत आली आणि ओढणी बाजूला केली.

वनमाला बघत राहिली. या पोरीला तान्हेपणी तिनेच तेल लावून न्हाऊ घातलं होतं.

“थोडी खाज सुटेल, एवढंच वाटलं होतं,” निलेश पुटपुटला. “आई, खरंच...”

कमल त्याच्या अंगावर धावली. प्रांजल वर आली होती, तिने तिला कमरेला धरून मागे ओढलं.

वनमालाने खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निलेशचा चांगला हात धरला.

“चल. चौकीत. पाच कित्याक वाजूक होये?”

“आई, मी तुझा मुलगा आहे.”

“म्हणानच मी येतंय.”

दारात ती प्रेमाताईंसमोर थांबली. डोळे कोरडे, संतापलेले.

“एकोणीस वर्सां तोंड बंद ठेवलंस. उघडलंस ता ह्येच्यासाठी?”

प्रेमाताईंनी बाजूला होऊन वाट दिली.

“गॅसार कढई आसा,” वनमाला म्हणाली. “ढवळीत रव. करपलां तर तुका सोडूचंय नाय.”

लिफ्टचं दार बंद झालं. प्रेमाताई आत गेल्या. लाकडी कालथा हातात घेतला आणि ज्या तेलाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती, ते सावकाश ढवळू लागल्या.