पाळेवरचं झाड

बाबा वैशाखात गेले. गोंदियाच्या एका शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते आणि निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यात चोरखमाऱ्याच्या तलावावर जाऊन एक चित्र काढत. यंदा चित्र काढतानाच, तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळेवर, बसल्या जागी ते गेले. मी नागपूरहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

तेरावं झालं तरी धुरपताआत्या रडली नव्हती. बाबांचं घर तीच सांभाळत असे.

"उदाराम म्हणते, झाडाखाली होता," ती मला म्हणाली. "तू डोळ्यानं पाहून ये. सावली होती का त्याले, एवढंच पाह्य. मीच जाऊ देल्लं ना त्याले उन्हात."

उदाराम तिथला मासे धरणारा. त्यानेच बाबांना पाहिलं, त्यानेच त्यांची तिपाई, रंगपेटी आणि अर्धवट चित्र घरी आणून दिलं. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नव्हतं. पण त्या पाळेवर झाड नाही. मी शाळेत होते तेव्हा ती मातीची पाळ बांधली गेली. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायांची रांग मला आठवते. मुळांनी पाळ फुटते म्हणून तलावाचा चौकीदार रोपसुद्धा उपटून टाकतो.

झाड होतं ते बाबांच्या चित्रांत.

मुंबईला शिकताना त्यांनी फ्रेंच निसर्गचित्रांच्या छापील प्रती गोळा केल्या होत्या. त्या पसरून ते मला सांगत, की जुने चित्रकार खोलीत बसून निसर्ग रचत. एका बाजूला पडद्यासारखं मोठं झाड, मधे पाणी, मागे निळे डोंगर, संध्याकाळचं सोनेरी ऊन आणि सगळ्यात शेवटी एक छोटा माणूस, बहुधा लाल कपड्यातला. पुढे त्या चित्रकारांचेच विद्यार्थी रंगपेट्या घेऊन उघड्यावर गेले. ढग बदलायच्या आत तो कागदावर उतरवू लागले. मग चित्रात वारा शिरला, मोडकी झाडं आली, आभाळ वाढत गेलं, माणूस लहान होत गेला. बाबांना ती वादळं फार आवडत. स्वतः मात्र ते जुन्यांच्याच वळणाने काढत.

"बाबा, तिथं झाड नाहीये," मी लहानपणी भांडायची.

"असायला हवं. नाहीतर नजर चित्राबाहेर पडते."

शेवटचं चित्र मी आत्याच्या खोलीत पाहिलं. त्यात झाड नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी आभाळ काळं केलं होतं, पाणी खवळलेलं होतं. उघड्या पाळेवर एक मोठी सावली तेवढी पडली होती आणि सावलीत कॅनव्हासचा एक तुकडा कोरा होता. माणूस शेवटी, हे मला माहीत होतं. मी जास्त पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तिरोड्याला उतरले. उदाराम बैलगाडी घेऊन आला होता.

"मास्तर मले दरसाली चित्रात घालत जी," तो वाटेत म्हणाला. "लाल दुपट्टा देत. बायको हासे, म्हणे नवरदेव चालला मासे धराले."

"यंदाही तुम्हीच?"

"नाई. यंदा तू नोको म्हणाले."

"मग कोण?"

"इचारलो मी. येईल म्हणाले."

पाळेवर चढलो. झाड होतं.

जाड बुंधा, अर्ध्यावर पाण्याकडे वाकलेली फांदी, गुच्छागुच्छांची पानं. मी त्या फांदीखाली वाढले होते, पण भिंतीवरच्या चित्रातल्या.

"हे कधीचं, उदारामभाऊ?"

"माह्या आज्याच्या येळचं."

"पाळ तर तुमच्यासमोर बांधली. तुम्ही माती वाहिली असेल."

"वायलो ना." त्याने पायाने माती दाबून पाहिली. "कायले इतकं इचारता बाई? झाड हाये, सावली हाये. मास्तर बसले होते."

"कशाचं झाड आहे?"

तो बैलांना पाणी दाखवायला खाली उतरला.

सकाळचा सूर्य तलावापलीकडे होता. माझी सावली मागे, शेताकडे पडली होती. झाडाची सावली पुढे पडली होती, पाण्याकडे, सूर्याच्या दिशेने.

मी बराच वेळ ते पाहिलं. डोळ्यांचा दोष म्हणून जागा बदलून पाहिली.

मग बाबा बसले होते त्या सावलीत मी जाऊन बसले. ज्यासाठी आले होते ते करायलाच हवं होतं.

सावली गार होती. पाण्यावर लहरी होत्या, पण डोक्यावरचं एकही पान हलत नव्हतं. जवसाच्या तेलाचा वास येत होता, बाबांच्या खोलीत यायचा तसा.

बुंध्याला मी हात लावला नाही.

वैशाखात मला थंडी वाजली. डोक्यावरून पदर घेतला, उजवा गुडघा उभा केला आणि त्यावर हनुवटी टेकली. भीती वाटत नव्हती. उठावंसंही वाटत नव्हतं.

"बाई!" उदाराम खालून ओरडला. "या आता. लवकर या."

त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. मी उठले.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. आत्या दारातच उभी होती.

"होती," मी म्हणाले. "चांगली गार सावली होती."

ती उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून भात टाकायला आत गेली.

मी शेवटचं चित्र खिडकीपाशी उजेडात नेलं.

सावलीतला कोरा तुकडा अंगठ्याएवढा होता. कडा नीट राखलेल्या होत्या. तिथे बसलेलं माणूस येणार होतं, ते कडांवरूनच कळत होतं. डोक्यावरून पदर, उजवा गुडघा उभा, त्यावर हनुवटी.

रंगपेटीतल्या पॅलेटवर बाबांनी लाल रंग काढून ठेवला होता. मी बोट लावलं. तो अजून ओला होता.