माझी आवाज

"मावशी, मम्मी गेली..."

कढईतल्या फोडणीत कढीपत्ता टाकता टाकता सुहासिनीनं फणकाऱ्यानं विचारलं, "गेली? आता कुठं गेली? पॅरिसला की बर्लिनला?"

फोनवर पलीकडे तनिषाला हुंदका फुटला. "तसा नाही गं... शी डाइड, मावशी!"

मोहरी जळली, घरभर धूर झाला, स्मोक अलार्म किंचाळू लागला, तरी सुहासिनी फोन कानाला लावून तशीच उभी! मनीषा? आपली मनी? जिच्याशी जन्मात बोलायचं नाही अशी शपथ घेतली होती, ती धाकटी बहीण अशी साधं भांडूनही न घेता निघून गेली? सुहासिनीला रडूच येईना. तिनं गॅस बंद केला आणि खिडकी उघडली.

एके काळी याच लेस्टरमधल्या लाल विटांच्या चर्चमध्ये डॉक्टर रणभिसेंच्या या दोन लेकी गॉस्पेलची भक्तिगीतं गायला उभ्या राहिल्या, की जमैकाच्या थोराड बायका टोप्या सावरत उठायच्या नि टाळ्यांनी चर्च डोक्यावर घ्यायच्या! नगरच्या संथ मराठी उपासनेत वाढलेले पप्पा आधी दचकायचे, मग हळूच पाय आपटत ताल धरायचे. मनीषा वरचा सूर घ्यायची, सुहासिनी खालचा. चर्चमधल्या गाण्यांवरून पोरी सोल संगीताकडे वळल्या, क्लबांतून बोलावणी आली, शेवटी लंडनच्या रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं... आणि नेमका तेव्हाच पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला! "तू जा गं मने, पप्पांना मी बघते," असं सुहासिनी हसून म्हणाली खरी, पण त्या हसण्यामागे काय काय पुरून टाकलं, ते तिचं तिलाच ठाऊक! मनीषा गेली, नावारूपाला आली, आणि पप्पांना माती द्यायला मात्र आली नाही. ग्लासगोला कार्यक्रम होता म्हणे! त्या दिवशी सुहासिनीनं चारचौघांत सांगून टाकलं, "मला बहीण नाही."

आणि आता तिला आठवलं ते वेगळंच. गेल्याच महिन्यात तनिषाचा एडिनबराहून फोन आला होता.

"मावशी, मम्मी हॉस्पिटलमध्ये आहे. ती सारखा म्हणते, ताईला सांग, माझी आवाज पाहिजे. तू येशील?"

"माझी नव्हे, माझा! 'तो' आवाज असतो! एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईनं?" सुहासिनी कडाडली होती. "आणि आवाज बसला असेल तर डॉक्टरला दाखवा म्हणावं. मी येऊन काय करू? तिच्या जागी गाऊ?"

एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता.

आता एडिनबराच्या चर्चमध्ये मनीषाच्या शवपेटीशी सुहासिनी पोचली, तेव्हा तनिषा तिच्या गळ्यात पडली.

"मावशी, तू मला ओरडली ना फोनवर... तेव्हा फोन स्पीकरवर होता. मम्मीनं सगळा ऐकला."

सुहासिनीनं तिचे खांदे धरले. "सगळं?"

"हो. आणि ती हसली! किती दिवसांनी हसली! म्हणाली, 'ऐकलंस? अजून तश्शीच ओरडते! तीच माझी आवाज.' मला काहीच नाही कळला गं. मम्मीला तर नीट बोलता येत होता. मग ती कुठली आवाज मागत होती?"

सुहासिनी बाकावर बसली. कितीतरी वर्षं विसरलेली सात वर्षांची मनी तिच्यासमोर दोन वेण्या उडवत उभी राहिली...

"ताई, माझी आवाज चांगली आहे ना?"

"माझा आवाज म्हण, येडे!"

"माझा नाही, माझीच! तू खालून गातेस म्हणून मला वर जाता येतं. आणि तू तर मुलगी आहेस. मग माझी आवाज तूच ना!"

"देवा रे!" सुहासिनीनं हंबरडा फोडला. "ती घसा मागत नव्हती... मला मागत होती, मला! आणि मी तिला व्याकरण शिकवत बसले! मने, ऊठ गं... हव्या तितक्या चुका कर, मी नाही रागावणार... मी आलेय गं, बघ तरी एकदा!"

तिनं पेटीला मिठी घातली.  तनिषा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कारण आता कुठं तिला सगळं उमगलं होतं.

थोड्या वेळानं पाळकांनी खूण केली. चर्चचा गायकवृंद उभा राहिला. तनिषानं मावशीला हाताला धरून माइकपाशी नेलं आणि ती खणखणीत मराठीत म्हणाली, "ही माझ्या मम्मीची आवाज आहे."

सवयीनं सुहासिनीचे ओठ विलग झाले... पण तिनं दुरुस्त केलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि ती गाऊ लागली, फक्त खालच्या सुरात. वरची जागा तिनं मनीसाठी मोकळी ठेवली होती.